ताटाचा हिशोब

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे सात वाजले असतील. शेतातल्या शेडमध्ये आठ पाहुणे अजून झोपलेले होते आणि मावशी चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी चहा घ्यायला आत गेलो. तव्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "भाऊ, एका माणसाचे किती घेता तुम्ही?"

मी म्हणालो, "चार-साडेचार हजार."

"चार दिवसांचे?"

"हो."

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे माझे नऊ रोज," म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

खरा आकडा साडेनऊ हजार होता. त्यांचे एकोणीस रोज. मी खोटं बोललो, आणि तेही क्षणभर न थांबता, आधीपासून तयारी असल्यासारखं. चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर आत कुठेतरी तयारच होतं. हा लेख त्या खोट्याबद्दल आहे. मी काही चोरी करत नव्हतो. ठरलेली मजुरी वेळेवर देत होतो, गावातल्या दरापेक्षा जास्तच देत होतो. मग आकडा लपवावासा का वाटला?

* * *

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो, उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढतो. ती फारशी विकली जात नाहीत. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं वडिलोपार्जित शेत आहे. कापूस, थोडा मका, बांधावर दोन चिंचा, एक विहीर. पाच वर्षांपूर्वी मी तिथे चार दिवसांचं निवासी चित्रशिबिर घ्यायचं ठरवलं. सकाळी शेतात रेखाटन, दुपारी रंगकाम, एक दिवस अजिंठा लेणी, रात्री शेकोटीभोवती गप्पा.

'शिबिर' हा माझा शब्द. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो खोडला. तो म्हणाला, "मामा, शिबिर म्हटलं की लोकांना सतरंजी, उपमा आणि तीनशे रुपये आठवतात. रिट्रीट म्हणा." मी रिट्रीट म्हटलं. सतरंजीच्या जागी गाद्या आल्या, उपम्याच्या जागी भरीत-भाकरी, आणि तीनशेच्या जागी साडेनऊ हजार. सोमवारी लेणी बंद असतात आणि नोकरदारांना शनिवार-रविवार हवा असतो, म्हणून गुरुवार ते रविवार असा बेत ठरला. आठ माणसांचे शहात्तर हजार येतात. किराणा, दूध, भाजी, गाडी, गाद्या, कागद, रंग, स्वयंपाकाच्या तीन बायकांचे आदल्या दिवसासकट पाच-पाच रोज, सगळं वजा जाता चौतीस-पस्तीस हजार उरतात. शाळेतून तीन महिन्यांत जेवढं येतं, जवळपास तेवढं. हिवाळ्यात अशी तीन शिबिरं झाली की वर्ष निघतं. कलेतून आलेले, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेले पैसे म्हणून मला त्यांचा अभिमानही होता.

वडिलांना मात्र हे कधी पटलं नाही. आमच्याकडे थंडीत शेतावर भरीत करायची रीत आहे. हिरवी लांबट वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, त्यात मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. जेवायच्या वेळी बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची. वडिलांनी आयुष्यभर अशी माणसं जेवू घातली. पहिल्या शिबिराचे पैसे आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जेवायला घालायचं आणि पैसे घ्यायचे? घरी आलेल्या माणसाच्या ताटाचा हिशोब करायचा नसतो."

हे वाक्य मला बरेच दिवस सलत होतं. आपण एक चांगली रीत बाजारात नेऊन बसवली असं वाटायचं. मग एका रात्री, भरताच्या गप्पा चालू असताना, मला आई आठवली. वडिलांनी पंधरा माणसांना हाक मारलेली असायची आणि आई पहाटे चारला उठून पंधरा माणसांच्या भाकरी थापायची. वांगी भाजायला ती, ठेचायला ती, भांडी घासायला ती. शेवटी जेवायचीही ती, आणि तोवर भरीत बहुधा संपलेलं असायचं. ताटाचा हिशोब कुणी केला नाही हे खरं. तो करायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून ते ताट कोण भरतंय हे कुणाला बघावं लागलं नाही.

त्यामुळे पैसे घेतल्याने पाहुणचार बाटतो, हे आता मला पटत नाही. पाहुणचाराची किंमत आधीही होती. ती आई भरत होती. पैशाने फक्त ती किंमत उजेडात आणली. निदान तसं व्हायला हवं होतं.

* * *

कलेसाठी, विचारासाठी रोजच्या रगाड्यातून बाजूला व्हायचं, ही कल्पना आमच्या मुलखाला नवी नाही. ज्या लेण्यांत मी पाहुण्यांना घेऊन जातो, ती मुळात त्यासाठीच कोरलेली. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. वाघूर नदीच्या त्या वळणावर कोरलेले विहार म्हणजे राहायच्या खोल्या आणि मधोमध मोठा मंडप. तिथे राहणारे भिक्षू कमावत नव्हते. त्यांचं अन्न दानातून यायचं, आणि खोल्याही दानातून आल्या. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणं करवून घेतलं, असं त्यात म्हटलंय. सव्वीसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी खर्च कुणी केला, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी कुणी रंगवला, हे माहीत नाही. आणि त्या चित्रकारांसाठी, दगड फोडणाऱ्यांसाठी रोज कुणी रांधलं, असा प्रश्नही आपल्या मनात येत नाही. मी इतक्या वेळा पाहुण्यांना त्या भिंतींसमोर उभं केलं, दाता आणि चित्रकार यांच्याबद्दल बोललो, पण हा तिसरा माणूस माझ्या बोलण्यात कधी आला नाही.

जवळचं उदाहरण अमळनेरचं. प्रताप शेठजींनी तिथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला जागा, ग्रंथ आणि निवांतपणा मिळाला. साने गुरुजीही तिथे काही काळ अभ्यासाला होते. गिरणीत कामगार पाळीने खपत होते आणि त्या पैशावर काही माणसं ब्रह्म आणि माया यांचा विचार करत होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ती संस्था झाली नसती तर गिरणी कामगारांचं भलं झालं असतं, असंही नाही. मुद्दा इतकाच, की निवांतपणा आकाशातून पडत नाही. एकाला बसायला मिळतं तेव्हा दुसरा कुणीतरी उभा असतो. विहारातही, तत्त्वज्ञान मंदिरातही, आणि माझ्या शेडमध्येही.

* * *

मग मी नेमकं विकतो काय?

माझ्या जाहिरातीत पहिली दोन वर्षं एक ओळ होती. हरवलेली सर्जनशीलता परत मिळवा, अशा अर्थाची. ती मी काढून टाकली, कारण ती खोटी होती. चार दिवसांत सर्जनशीलता कुणाला परत मिळत नाही. आणि ती मिळायला चिंचेची सावली लागते, हेही खरं नाही. आमचाच मुलूख याला साक्षी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा रविवार प्रवचनं दिली, फेब्रुवारीत सुरू करून जूनपर्यंत. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि पुढे त्यांचं पुस्तक झालं. ते निवांतपण विकत घेतलेलं नव्हतं, सरकारने लादलेलं होतं. बहिणाबाई चौधरी तर बाजूला झाल्याच नाहीत. आसोद्याची मुलगी, जळगावच्या चौधरी वाड्यातली सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे काम करता करता ओव्या सुचल्या. घरच्यांनी काही टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आणि किती गाणी कुणी टिपली नाहीत म्हणून गेली असतील? काम करता करताही कविता होते याचं उदाहरण म्हणून लोक बहिणाबाईंचं नाव घेतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त छळतो. त्यांच्याकडे चार मोकळे दिवस आणि एक वही कुणी दिली असती तर?

उलट टोकाला चाळीसगावचे केकी मूस. १९१२ साली जन्मलेला हा पारशी कलावंत परदेशात शिकून आला आणि स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहू लागला. पुढे कित्येक दशकं तो घराबाहेर क्वचितच पडला. १९८९ साली तिथेच गेला. टेबलावर वस्तू मांडून काढलेली त्यांची छायाचित्रं पाहिली की एका खोलीत केवढं जग मावतं ते कळतं. त्या बंगल्याला त्यांनी रेम्ब्राँचं नाव दिलं होतं, 'रेम्ब्राँज रिट्रीट'. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघा, शब्द तुमच्याकडचाच निघाला." पण मूस यांचं ते बाजूला होणं चार दिवसांचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी सगळं आयुष्य दिलं. माझ्याकडे येणारा माणूस रविवारी संध्याकाळी जळगाव स्टेशनवर गाडी पकडतो.

तरीही मी जे विकतो त्याला किंमत आहे, हे मला एका पाहुणीने शिकवलं. नाशिकहून आलेली, पन्नाशीची बाई. कॉलेजात चित्रकला शिकली होती, नंतर तीस वर्षं संसार. पहिले दोन दिवस तिने काहीच काढलं नाही. विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने पितळेची एक घागर काढली, साधीच. शेवटच्या रात्री प्रत्येकाने काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "तीस वर्षांत सलग बारा जेवणं मला कुणी वाढून दिली नव्हती. मी बाकी काही नेत नाहीये इथून."

मी विकतो ते हे. बारा जेवणं आणि त्यामुळे मोकळे झालेले तास. माझं चित्रकलेचं शिकवणं त्यात मीठ म्हणून आहे. आणि ही बारा जेवणं मी करत नाही. ती मावशी करतात. एका बाईला स्वयंपाकातून चार दिवस सुटका मिळते, कारण दुसरी बाई पहाटे साडेचारला तो स्वयंपाक करायला येते. हे कळल्यावर, त्या सकाळी मी खोटं का बोललो याचं उत्तर जवळ आलं.

* * *

त्याआधी आणखी एक घडलं होतं. जाहिरातीसाठी मी एक फोटो वापरला होता, भाकरी थापणाऱ्या हातांचा. हिरव्या बांगड्या, पीठ, मागे चुलीचा जाळ. खाली लिहिलं होतं, 'अस्सल खान्देशी अनुभव'. हात मावशींचे. मी त्यांना विचारलं नव्हतं. चेहरा नाही, मग विचारायचं काय, असं वाटलं होतं. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर तो फोटो फिरत आला. मावशी भेटल्या तेव्हा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर बांगड्या तरी नव्या भरल्या असत्या." हे वाक्य मला कुठल्याही तक्रारीपेक्षा जड गेलं. त्यांना त्या फोटोत असायला आवडलं असतं. मी त्यांना तिथे माणूस म्हणून घेतलंच नव्हतं.

पाहुणे शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांची रेखाटनं करतात. त्यातही मी पहिली दोन वर्षं गप्प होतो. वेचणी किलोवर असते. 'ताई, जरा तशाच थांबा,' असं एखादा पाहुणा हौसेने म्हणतो आणि ती बाई वीस मिनिटं वाकलेली थांबते. तिचा कापूस तेवढा कमी भरतो. पाहुण्याला हे कळण्याचं कारण नाही. मला कळत होतं.

या भागात चित्रं काढायला बाहेरून माणसं येतात, त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. रॉबर्ट गिल हा कंपनीच्या लष्करातला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची कबर भुसावळला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून कित्येक हंगाम आले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. १९०९च्या सुमारास लेडी हेरिंगहॅमबरोबर तरुण नंदलाल बोस आले, तेही नकला करायलाच. पण नंदलाल पुन्हा आले, १९३६ साली, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या साहित्यातून ते नगर सजवलं. एकाच माणसाच्या दोन खेपा मला नेहमी शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या खेपेला त्याने इथून काही नेलं. दुसऱ्या खेपेला गावाच्या वस्तू आणि गावाचे हात हेच काम झालं. नेण्यात पाप नाही. नंदलाल अजिंठ्यातून जे शिकले ते भारतीय चित्रकलेला मिळालं. पण नेणाऱ्याने आपण काय नेतोय आणि कुणाकडून, हे जाणून असावं.

* * *

आता माझ्या बाजूने जे म्हणता येईल ते सगळं मी स्वतःशी म्हणून पाहिलं आहे. जागा माझी. गाद्या, संडास, पाण्याची टाकी यांचं कर्ज माझ्या नावावर. दोन जणांनी ऐनवेळी येणं रद्द केलं तर तोटा माझा, मावशींचा रोज तरी ठरलेला. पाहुणे माझ्या ओळखीवर येतात. पाचशे रुपये रोज हा कापूस वेचण्यापेक्षा बरा. आणि शहरातल्या कुठल्याही हॉटेलात कुणी आचाऱ्याला खोलीचं भाडं सांगत नाही. यातली एकही गोष्ट खोटी नाही. मावशींना माझ्याइतकेच पैसे मिळायला हवेत, असंही मला वाटत नाही.

पण हे सगळं इतकं खरं होतं, तर त्या सकाळी मी तेच सांगू शकलो असतो. "साडेनऊ हजार घेतो मावशी, आणि ते असे असे जातात." सांगितलं नाही. याचा अर्थ, हे युक्तिवाद मला पाहुण्यांसमोर, भाच्यासमोर, माझ्यासमोर पुरत होते. चुलीपुढे ते पुरणार नाहीत, हे मला माहीत होतं. आईच्या बाबतीत वडिलांनी हिशोब करायचाच नाही असं ठरवलं होतं. मी हिशोब केला आणि तो ज्याने ऐकायला हवा त्याच्यापासून लपवला. दोघांमध्ये मला आता फारसा फरक दिसत नाही. उलट वडिलांनी निदान त्यातून काही कमावलं नव्हतं.

न्याय्य वाटा किती, याचं सूत्र माझ्याकडे नाही. पण एक साधी कसोटी मिळाली. ज्यांच्या कामावर ही कमाई उभी आहे, त्यांच्यासमोर मला ती मोठ्याने सांगता येते का? सांगता येत असेल तर वाटा कमी-जास्त असू शकेल, त्यावर भांडता येईल. सांगता येत नसेल, तर तो वाटा चुकलेला आहे हे मला आधीच कळलेलं असतं. मग तत्त्वज्ञानाची गरज उरत नाही.

* * *

त्या शिबिरानंतर पंधरा दिवसांनी मी मावशींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तुरी पाखडत होत्या. मी सांगितलं, "मावशी, त्या दिवशी मी आकडा कमी सांगितला. साडेनऊ हजार घेतो."

त्यांचं सूप थांबलं नाही. "मला ठाऊक होतं," म्हणाल्या. "ती नाशिकची बाई होती ना, मागच्या साली, तिने सांगितलं होतं."

"मग विचारलं कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते बघत होते."

मला काही बोलता आलं नाही. त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन होईस्तोवर आम्ही तुरीच्या भावावर बोललो.

या हिवाळ्यात तीन गोष्टी बदलल्या. स्वयंपाक करणाऱ्या तिघींचा रोज आठशे झाला, शिवाय खर्च जाऊन उरलेल्यातला पाचवा हिस्सा तिघींचा. किती आले, किती गेले, ते चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं. मावशींना वाचता येत नाही, पण त्यांची सून वाचून दाखवते आणि एकदा तिने गाडीच्या खर्चातली माझी बेरीज दुरुस्तही केली. वेचणाऱ्या बाईला थांबवायचं असेल तर तिच्या थांबण्याचे पैसे पाहुण्याने द्यायचे, हे पहिल्या संध्याकाळी सांगतो. त्यावर एक पाहुणा नाराज झाला. म्हणाला, यातला सहजपणा गेला. त्याचं काही अंशी खरं असेल.

माझ्या हाती शिबिरामागे पंचवीस हजारांच्या आसपास उरतात. तिसरं शिबिर न घेता भागेल असं वाटलं होतं. आता भागत नाही. म्हणून जानेवारीत चौथंही घेतोय आणि माझं स्वतःचं चित्र पुन्हा उन्हाळ्यावर ढकललं आहे.

वडिलांनी भिंतीवरचा हिशोब पाहिला. बराच वेळ उभे राहून वाचला. काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वांगी भाजायला ते स्वतः बसले होते, आणि मावशी बाजूला चहा पीत होत्या.